तुकडा बसला पाहिजे : लाकडी पझल्सवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक उभं ब्लेड वरखाली चालवून लाकूड कापणाऱ्या मशीनवर, लाकडी पझल्स कशी कापतात आणि लोक ती विकतात कशी, हे जरा वरवरच लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं बघून कळलं की बऱ्याच जणांनी मशीन आधीच आणून ठेवलंय आणि आता अडलंय. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमत नाही, तेव्हा एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो. हाताला काम हवं म्हणून स्क्रोल सॉ घ्यायचाय. कोणी म्हणतं पिनवाला घ्या, कोणी म्हणतं बिनपिनचा. १६ इंची, २१ इंची हे नक्की काय असतं? सेकंडहॅंड चालेल का?

सर, बिनपिनचाच घ्या. पिनवाल्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, लावायला सोपं जातं हे खरं, पण ही ब्लेडं फार बारीक मिळत नाहीत आणि पझलला तर बारीकच लागतं. शिवाय चित्राच्या आतला भाग कापायचा असेल तर आधी ड्रिलने भोक पाडून ब्लेड त्यातून ओवावं लागतं, पिनसाठी ते भोक एवढं मोठं पाडावं लागतं की डिझाईनची वाट लागते. लांबी दोन्ही ब्लेडांची साधारण ५ इंचच.

१६ इंच म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. लाकूड ब्लेडभोवती गोल फिरवताना ते मागे आपटू नये म्हणून हे अंतर बघायचं. पझलसाठी १६ इंच बऱ्यापैकी पुरतं, मोठी चित्रं करणारे २१ च्या मागे लागतात, त्याची घाई नको.

सेकंडहॅंड जरूर घ्या पण चालवून बघून. ब्लेडला समोरून बघा, वरखाली होताना ते डावीउजवीकडे हलताना दिसलं तर सोडून द्या. पुढेमागे थोडं हलतं, ते चालतं. वरचा आर्म हाताने हलवून बघा, खडखडला तर बेअरिंग गेलंय. स्पीड कमीजास्त करता येणारं मशीन असावं, मिनिटाला ४०० ते १६०० च्या आसपास स्ट्रोक देणारी मशीन्स सर्रास मिळतात आणि पझलचं बहुतेक काम मधल्या स्पीडला होतं. आणि खाली टेबल जड पाहिजे, हलक्या टेबलावर चांगलं मशीनही थरथरतं आणि मग लोक मशीनला नावं ठेवतात.

प्रश्न : जाड लाकडाचा पाच तुकड्यांचा हत्ती केला, उभा राहणारा. तुकडे वरच्या बाजूने उचलले की सहज निघतात, खालून ढकलले की अडकतात. काही तुकडे तर ढिले पण झालेत. ब्लेड चांगलं नाहीये का?

ब्लेडचा दोष असू शकतो पण पहिला संशय टेबलावर घ्या, म्हणजे मशीनच्या ज्या पत्र्यावर लाकूड ठेवून कापतो त्यावर. तुमचं टेबल ब्लेडशी काटकोनात नाहीये. एका अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण इंचभर जाड लाकडात तो वरून खाली जाईपर्यंत एवढा वाढतो की तुकडा एकाच बाजूने निघायला लागतो. मशीनवर जी अंशांची पट्टी असते तिच्यावर विश्वास ठेवू नका, ती शोभेची समजा. एक जाडसर तुकडा घ्या, समोरून त्यात ब्लेडने अगदी थोडी चीर पाडा, मशीन बंद करा, लाकूड अर्धं फिरवून ती चीर ब्लेडच्या मागच्या बाजूला आणा. ब्लेड चिरेत अलगद बसलं तर टेबल बरोबर, कुठे वर किंवा खाली अडलं तर स्क्रू ढिला करून टेबल थोडं हलवा आणि परत बघा. छोटा गुण्या लावूनही बघता येतं, पण मला चिरेची पद्धत जास्त भरवशाची वाटते कारण ब्लेड स्वतःच सांगतं. (टेबल मुद्दाम तिरकं करून तुकडा एका बाजूने घट्ट अडकवणं हीसुद्धा एक कला आहे, त्याला इनले म्हणतात, पण हत्तीला ते नको.)

टेबल बरोबर असूनही असं होत असेल तर तुम्ही लाकूड बाजूने रेटताय. नवीन माणसाचं हमखास होतं हे. ब्लेडं तयार होताना बहुतेकांच्या एका कडेला, सहसा उजव्या, बारीक धार राहून जाते, त्यामुळे ब्लेड सरळ न जाता थोडं एका बाजूला ओढतं. आपण ते सरळ करायला लाकूड दाबतो, दाबलं की ब्लेड मधोमध वाकतं आणि काप वरखाली सरळ पण मध्ये फुगीर होतो. उपाय दाबण्यात नाहीये, लाकूडच दोनचार अंश तिरकं धरून भरवायचं, एक संध्याकाळ फालतू लाकडावर नुसत्या रेघा कापा, हाताला आपोआप कळतं किती तिरकं धरायचं ते. वळण घेतानाही तसंच, ढकलायचं थांबवा आणि जागेवर फिरवा.

तिसरं, टेन्शन, म्हणजे ब्लेड किती ताणून बसवलंय ते. ब्लेडला बोटाने छेडलं की स्वच्छ टण् असा आवाज आला पाहिजे, भद् आवाज आला तर ढिलंय.

आता ढिलेपणाचं. ब्लेड जेवढं जाड तेवढं लाकूड ते खाऊन टाकतं, आणि जेवढं खाल्लं तेवढी दोन तुकड्यांमधली फट. इंचभर कठीण लाकडाला ५ किंवा ७ नंबर लागतं (नंबर जेवढा मोठा तेवढं ब्लेड जाड, २/० म्हणजे १ पेक्षाही बारीक), तिथे थोडी फट येणारच आणि उभ्या प्राण्याला ती हवीच, नाहीतर मूल ओढून ओढून रडेल. पण ५-६ मिलीच्या प्लायला कोणी ७ नंबर लावत असेल तर ढिलं होणारच, तिथे २/० किंवा फार तर १ नंबर. दुसरी गोष्ट म्हणजे कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासत बसू नका. तळाला आलेले तंतू काढा, वरच्या धारा मोडा, बास. कडेला जितकं घासाल तितकं ढिलं. रंग देणार असाल तर मात्र रंगाची जाडी दोन्ही तुकड्यांवर चढते हे लक्षात ठेवा, आधी घट्ट असलेला तुकडा रंगानंतर बसतच नाही. दमट हवेत लाकूड फुगतं ते वेगळंच. म्हणून कडा रंगवू नका, नुसतं तेल लावा, दिसायलाही छान दिसतं.

हत्तीची सोंड मोडली असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. लाकडाच्या रेषा सोंडेच्या लांबीने गेल्या पाहिजेत, आडव्या गेल्या की मोडणारच. पॅटर्न चिकटवण्याआधी प्राण्याचा सगळ्यात नाजूक भाग कुठला ते बघा आणि त्याप्रमाणे कागद फिरवा. पाय आणि सोंड दोन्ही नाजूक असतील तर प्लाय वापरा, त्याचे थर एकाआड एक आडवेउभे असतात.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, मैत्रिणींच्या फोटोंचे जिगसॉ पझल करून गिफ्ट देते, आता बाहेरून पण ऑर्डर यायला लागल्यात. पण फोटोच्या कडा कापताना कुरतडल्यासारख्या होतात आणि कधीकधी कोपऱ्यातून फोटो सुटतो. तुकड्यांच्या आकाराचा पॅटर्न कुठून घेऊ?

तुझ्या ब्लेडवर लिहिलेलं बघ, रिव्हर्स टूथ असेल. त्याचे खालचे काही दात उलटे असतात, ते वर जाताना कापतात म्हणजे लाकडाचा तळ स्वच्छ येतो. कोरीव कामाला ते उत्तम, पण तुझा फोटो वरच्या बाजूला आहे आणि ते दात त्यालाच वर उचलतात. साधे बारीक दातांचे ब्लेड घे, तळाला जे तंतू येतील ते नंतर पॉलिश पेपरने काढ. तंतू कमी यावेत म्हणून टेबलावरच्या मोठ्या भोकावर पातळ प्लास्टिकचा पत्रा चिकटव आणि त्यात ब्लेडपुरतंच भोक ठेव. बारीक तुकडे भोकातून खाली पडायचेही थांबतात. जमिनीवर गुडघे टेकून भुशात तुकडा शोधायची वेळ आली नसेल अजून तर येईल.

फोटो सुटतो कारण गोंद कमी किंवा दाब कमी. प्लाय आधी एकदम गुळगुळीत कर, भुसा कपड्याने पूर्ण पूस, एक कणही राहिला तर तिथे फुगा येतो. मग गोंदाचा पातळ, सगळीकडे सारखा थर, मधून कडेकडे रोलर आणि रात्रभर सपाट वजनाखाली. पसरट गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी फिल्म मिळते, ती जास्त सोपी आहे पण एकदा चिकटली की सरकवता येत नाही. प्रिंट पाण्याने न पसरणाऱ्या शाईची घे. वरून पातळ लॅकरचा थर दिलास तर कापताना कागद कमी फाटतो. प्लाय मात्र चांगला, आत पोकळी नसलेला घे, ६ मिलीत पाच थरांचा बर्च प्लाय लोक वापरतात त्याला कारण आहे, स्वस्त प्लायच्या मधल्या थरात भोकं असतात आणि नेमकी तुकड्याच्या मानेवर, म्हणजे गोल डोक्यामागच्या निमुळत्या भागावर येतात.

पॅटर्नबद्दल माझं सरळ मत, पॅटर्न घेऊच नको. डोळ्याने काप. बोर्ड नुसता फिरवत जायचा, एक मान, एक गोल डोकं, परत बाहेर, पन्नासेक तुकड्यांनंतर हात स्वतःच चालायला लागतो आणि प्रत्येक पझल वेगळं होतं. हाताने कापलेल्या पझलची सगळी मजा त्यातच आहे. जुने कारागीर तर रंगाच्या रेषेवरच कापायचे, म्हणजे निळं आभाळ संपून झाड सुरू होतं तिथेच काप, मग एका तुकड्यावर दोन रंग येतच नाहीत आणि खेळणारा डोकं धरून बसतो. मध्ये मध्ये ओळखीच्या आकाराचे तुकडे घालायचे, पक्षी, किल्ली, मैत्रिणीच्या नावाचं अक्षर. हे आकार आधी आखून घे आणि त्यांच्यापासून बाहेर कापत जा.

आणि तू जे करतेयस ते जुनं आहे बरं का. लंडनमध्ये १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे करणारा माणूस लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापून विकायचा, मुलांना भूगोल शिकवायला. त्याचे तुकडे एकमेकांत अडकायचे नाहीत, नुसते शेजारी ठेवायचे, धक्का लागला की युरोप विखुरला.

प्रश्न : दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी पझल करून विकू शकते का? रंग कुठला सुरक्षित? घरातल्या मुलांना दिलं तर काही झालं नाही.

घरातल्या मुलांवर आपली नजर असते, विकलेल्या वस्तूवर नसते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी अमेरिकेत आणि युरोपात एकाच मापाची नळी वापरतात, आतला व्यास ३१.७ मिमी, खोली एका बाजूला २५.४ आणि तिरकी उतरत ५७.१ मिमीपर्यंत. कुठलाही तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. तुम्ही तशी नळी करून ठेवाच, पण मी म्हणेन की त्याच्याही वर राहा, एवढ्या लहान मुलाला तीनचार मोठे जाड तुकडे पुरे. धारा गोल करा, खिळे आणि चुंबक वापरू नका. चुंबक तर नकोच नको, दोन चुंबक पोटात गेले की आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

फिनिश म्हणाल तर खनिज तेल आणि मधमाशीचं मेण, किंवा शेलॅक म्हणजे आपली लाखच. रंग हवाच असेल तर खेळण्यांसाठी तपासलेला पाण्याचा रंग, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, 'नैसर्गिक' असं लिहिलंय म्हणून घेऊ नका. जवसाचं तेल लावणाऱ्यांना एक कानपिचकी, तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात, हे खरोखर होतं. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

विक्रीचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, काही ठिकाणी खेळणं चाचणीशिवाय विकताच येत नाही, काही ठिकाणी छोट्या कारागिरांना सूट असते. विकायच्या आधी तुमच्याकडचा नियम वाचा. तोपर्यंत मोठ्यांसाठी पझल करा, ते गिऱ्हाईक जास्त चांगलं पण आहे.

प्रश्न : किंमत कशी लावायची? मी लाकडाच्या तिप्पट लावते तरी लोक म्हणतात लेझरवालं निम्म्यात मिळतं. किंमत कमी करू का?

नको. लाकडाच्या तिप्पट हा हिशोबच चुकीचा आहे कारण पझलमध्ये लाकूड सगळ्यात स्वस्त. महाग काय आहे तर तुमचा वेळ. ५०० तुकड्यांचं पझल, मिनिटाला एक तुकडा धरला तरी आठ तासांच्या वर नुसतं कापणं झालं, त्यात चिकटवणं, घासणं, मोजणं, डबा, फोटो काढून नेटवर टाकणं, गिऱ्हाइकाशी चार दिवस चॅट करणं धरलंच नाही. आणि ब्लेडं! बारीक ब्लेड अर्धा-पाऊण तास कापलं की बोथट होतं, लोक ते तुटेपर्यंत ओढतात आणि काप जळकट आला की लाकडाला दोष देतात. सागवानावर तर आणखी लवकर बोथट होतं, त्यात सिलिका असते.

तेव्हा असं करा, पुढच्या पझलला घड्याळ लावून प्रत्येक कामाचा वेळ लिहा, मग तासाचा तुमचा दर ठरवा, असा की तेवढ्यावर दुसऱ्याकडे काम करायला तुम्ही तयार व्हाल. त्यात सामान, ब्लेडं, वीज, बिघडलेल्या पझलांचा थोडा भार घाला. दुकानदाराला देणार असाल तर तो बहुतेक वेळा विक्रीच्या निम्म्याच्या आसपास घेतो, म्हणजे तुमच्या निम्म्या किमतीतही खर्च निघाला पाहिजे. नाही निघत तर दुकानाला देऊ नका, थेट विका, त्यात लाज कसली.

लेझरशी भांडण नकोच. लेझर तोच पॅटर्न हजार वेळा कापतो आणि कडा जळून काळ्या होतात, वास येतो. गिऱ्हाइकाला हे सांगायला हवं असं नाही, हातात दोन तुकडे द्या फक्त. तुमचा तुकडा शेजाऱ्यात बसताना जो हलका घट्टपणा लागतो, तोच तुमचा माल. तो येत नसेल तर किंमत वाढवायच्या आधी वरचं हत्तीचं उत्तर वाचा.

ही रडकथा शंभर वर्षांपूर्वीचीच आहे. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत ५०० तुकड्यांचं हाताने कापलेलं पझल ५ डॉलरला मिळायचं आणि साध्या कामगाराला महिन्याला ५० च्या आसपास पगार. तरी एवढी मागणी होती की १९०९ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने दुसरे खेळ बाजूला ठेवून कारखाना पझललाच लावला, कापायला बहुतेक बायका. पुढे १९३० च्या दशकातल्या मंदीत पुठ्ठ्याची साच्याने कापलेली पझल्स अगदी स्वस्तात दर आठवड्याला यायला लागली, तरी लाकडाची बंद पडली नाहीत. नोकरी गेलेली माणसं घरी कापून विकायची, आणि दुकानं, वाचनालयं ती भाड्याने द्यायची. भाड्याने देणं आज इतके थोडे लोक का करतात मला कळत नाही, मोठं पझल माणूस एकदा लावतो आणि मग ते कपाटात पडून राहतं.

वेळ वाचवायचाच असेल तर दोन पातळ थर कडेने टेप लावून एकत्र कापा, एका मेहनतीत दोन पझल्स. पण दोघांचे तुकडे एकमेकांत मिसळू देऊ नका, मागच्या बाजूला आधीच वेगळा रंग मारा.

प्रश्न : नेटवरून घेतलेल्या पॅटर्नवर केलेली पझल्स विकली तर चालतात का? कार्टूनची खूप मागणी आहे.

कार्टून नाही, परवानगीशिवाय अजिबात नाही, 'सगळेच विकतात' हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही. पॅटर्न फुकट असला तरी तो डिझायनरचाच असतो. काही जण लिहून ठेवतात की हाताने केलेल्या वस्तू विका पण पॅटर्न वाटू नका, काही जण विक्रीला नाही म्हणतात. लिहिलेलं नसेल तर मेल करून विचारा, बरेचदा लगेच हो म्हणतात. फोटो पझलचंही तेच, गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो त्याने स्वतः काढलाय का विचारा, स्टुडिओतला असेल तर फोटोग्राफरला विचारायला सांगा.

यातच एक, शिसवीचं लाकूड वापरून बाहेरच्या देशात पाठवणाऱ्यांनी जपून. २०१७ पासून शिसवीची सगळी प्रजाती साइट्सच्या (CITES, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, सीमेपार पाठवताना कागदपत्रं लागू शकतात.

प्रश्न : भुशाने घरच्यांना त्रास होतो. साधा रुमाल बांधला तर पुरतो ना?

नाही पुरत. बारीक धूळ रुमालातून आरामात जाते आणि लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलीये. एन ९५ मास्क लावा, मशीनला व्हॅक्यूमचा पाईप जोडा, आणि भुसा झाडूने उडवण्याऐवजी ओढून घ्या. मशीनवरचा छोटा ब्लोअर रेघ दिसावी म्हणून धूळ बाजूला फुंकतो, तो धूळ गोळा करत नाही, बरेच जण त्यावरच खूश असतात.

प्रश्न : गिऱ्हाईक म्हणतं पझलमध्ये एक तुकडा कमी आहे. मी मोजून दिलं होतं. आता काय?

वाद घालू नका, तुकडा करून द्या. पॅक करण्याआधी पूर्ण लावलेल्या पझलचा वरून सरळ फोटो काढायची सवय ठेवा, मग तुम्हालाही शंका राहत नाही, पण तो फोटो गिऱ्हाइकाच्या तोंडावर मारायला नाही. प्रत्येक ऑर्डरला त्याच प्लायचा एक छोटा तुकडा आणि चित्राची एक जादा प्रिंट पाकिटात नाव लिहून ठेवत जा, वर्षाने बाजारात तोच प्लाय आणि तीच छटा मिळेल असं नाही.

गिऱ्हाइकाला सांगा की तुकडा नाही त्याच्या आजूबाजूचे आठदहा तुकडे जोडून टेप लावून पाठवा. ते आले की खाली कागद ठेवून टोकदार पेन्सिलीने भोकाचा आकार उतरवा, तो जादा प्रिंटवर नेमक्या जागी आखा, आणि रेघेच्या जरा बाहेरून कापा. मग थोडं घासा, बसवून बघा, परत थोडं घासा. इथे घाई केली की तुकडा ढिला होतो आणि दुसरा करावा लागतो. पोस्टाचा खर्च तुमचा की त्यांचा ते विकतानाच डब्यात चिठ्ठी घालून लिहून ठेवा. मी पहिला तुकडा फुकट देते, दुसऱ्यापासून पैसे घेते, कारण दुसरा तुकडा बहुतेक वेळा कुत्र्याने खाल्लेला असतो.